कॅमेऱ्यामागचा माणूस नागरिक नव्हता

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वर्षातून चार-पाचदा लढाई जुंपते आणि दोन्ही पक्षांना साक्षीला मीच हवी असते, कारण मी 'तिकडे', म्हणजे अमेरिकेत, राहते. या खेपेची ठिणगी थिएटरातल्या राष्ट्रगीतावरून पडली. सांगलीचा माझा मावसभाऊ, बँकेतून निवृत्त झालेला, सहकुटुंब सिनेमाला गेला. राष्ट्रगीत लागलं, सगळे उभे राहिले, पुढच्या रांगेतली दोन पोरं मात्र पॉपकॉर्न मांडीवर घेऊन बसूनच. दादाचं डोकं फिरलं. घरी येऊन त्यानं ग्रुपवर दीड पान लिहिलं. पुण्यात पत्रकारिता शिकणाऱ्या माझ्या भाच्यानं लगेच उत्तर ठोकलं: थिएटरात राष्ट्रगीत लावणं सक्तीचं नाही, सुप्रीम कोर्टानंच जानेवारी २०१८मध्ये तसं सांगितलंय. दादा म्हणाला, लावणं सक्तीचं नसेल, पण लागलं तर मान राखायचा हेही त्याच कोर्टानं सांगितलंय, तेवढं तू गाळलंस. (मुद्दा बिनतोड होता. बँकवाल्यांना सर्क्युलर शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची सवय असते.)

तिथून गाडी घसरली ती देशभक्तीच्या सिनेमांवर. भाच्याचं म्हणणं, हल्ली जो उठतो तो चरित्रपट काढतो, शेवटी झेंडा फडकतो, ढोल वाजतात, आणि हा सगळा निव्वळ प्रचार. दादाचं म्हणणं, अमेरिकेनं काय कमी झेंडे फडकवले पडद्यावर? त्यांनी केलं तर कला आणि आपण केलं तर प्रचार? "तू सांग गं, तिकडे घरोघरी झेंडा असतो की नाही?" आणि भाचा: "मावशी, थिएटरात राष्ट्रगीत लावतात का तिकडे? हो की नाही एवढंच सांग."

झेंडा घरोघरी असतो. थिएटरात राष्ट्रगीत लावत नाहीत. ते बेसबॉलच्या सामन्याला लावतात. ही चाल रुळली ती १९१८च्या वर्ल्ड सिरीजपासून, म्हणजे पहिल्या महायुद्धातच, आणि तेव्हा ते गाणं कायद्यानं राष्ट्रगीत झालेलंही नव्हतं. ते झालं १९३१ साली. म्हणजे दोघांना एकेक गुण. पण दोघांनाही जे उत्तर द्यायचं होतं ते ग्रुपवर टाइप करण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे लिहिते आहे.

मी ऱ्होड आयलंडला राहते. अमेरिकेतलं हे सगळ्यात छोटं राज्य, आपल्या सांगली जिल्ह्याहूनही लहान. इथे ब्रिस्टल नावाचं गाव आहे. त्याच्या मुख्य रस्त्यावर दुभाजकाचा पट्टा पिवळा नाही, लाल-पांढरा-निळा रंगवलेला असतो, बाराही महिने. चार जुलैचा, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचा, उत्सव हे गाव १७८५पासून करत आलंय आणि आमचा सर्वांत जुना, हे दर वर्षी न चुकता सांगतं. ब्रिस्टलहून अर्ध्या तासावर प्रॉव्हिडन्स शहर, आणि तिथे विकेंडन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर एका माणसाचा अर्धपुतळा: टोपी घातलेला, मिश्कील. जॉर्ज एम. कोहॅन. जवळच त्याचा जन्म झाला. मी कॉफीला त्या बाजूला जाते तेव्हा तो दिसतो. पहिली काही वर्षं तो कोण हे मला ठाऊक नव्हतं. मग एका चार जुलैला, बाहेर पाऊस म्हणून घरात बसलो असताना, जुन्या सिनेमांच्या चॅनेलवर 'यांकी डूडल डँडी' लागला.

१९४२चा सिनेमा. वॉर्नर ब्रदर्सचा, मायकेल कर्टिझनं दिग्दर्शित केलेला, आणि कोहॅनच्या भूमिकेत जेम्स कॅग्नी, जो तोवर गुंडाच्या भूमिकांसाठी प्रसिद्ध होता. गोष्ट साधी: 'फोर कोहॅन्स' नावाचं फिरतं कुटुंब, आई-बाप-बहीण-भाऊ, गावोगाव नाचगाण्याचे खेळ करणारं. आपल्याकडच्या कंपनीच्या नाटकांसारखंच, बिऱ्हाड पाठीवर. पोरगा चुणचुणीत, आगाऊ, पुढे ब्रॉडवेवर स्वतःची नाटकं लिहितो, बसवतो, गातो, नाचतो. १९०४मध्ये 'लिटल जॉनी जोन्स' आणि नाव सर्वतोमुखी. खेळ संपला की हात जोडल्यासारखं करून सांगायचं, माझ्या आईकडून धन्यवाद, वडिलांकडून धन्यवाद, बहिणीकडून आणि माझ्याकडून. अमेरिका युद्धात उतरली ६ एप्रिल १९१७ला. दुसऱ्या दिवशी त्यानं 'ओव्हर देअर' हे गाणं रचलं आणि ते सैनिकांबरोबर समुद्रापार गेलं. त्यासाठी त्याला काँग्रेसचं सुवर्णपदक मिळालं, ते रूझवेल्टनं व्हाइट हाउसमध्ये हातात दिलं १९४० साली. सिनेमा त्याच भेटीत गुंफलेला आहे. म्हातारा कोहॅन राष्ट्राध्यक्षांना आपली कर्मकहाणी सांगतो, निघतो, आणि व्हाइट हाउसचा जिना उतरता उतरता त्याचे पाय आपोआप नाचू लागतात. तो जिना एकदा तरी बघा. कॅग्नीनं तो नाच ऐनवेळी सुचून केला म्हणतात. नाचाचं मला काही कळत नाही, पण गुडघे ताठ, कंबरेपासून पुढे झुकलेलं अंग, मध्येच रंगमंचाच्या कडेच्या भिंतीवर पाय टेकवून उलटं येणं... माझ्या आईनं बघितला असता तर म्हणाली असती, याच्या अंगात आलंय.

आणि हो, कोहॅन स्वतःचा जन्म ४ जुलै १८७८ सांगायचा. सिनेमाही तेच सांगतो. बाप्तिस्म्याच्या कागदावर मात्र ३ जुलै आहे. ज्यांच्या शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी बिनदिक्कत १ जून लिहून टाकला, त्या आपल्या लोकांना यात नवल वाटू नये. फरक इतकाच, की आपल्या गुरुजींना पटकन पट भरायचा होता, आणि याला देशाबरोबर जन्मायचं होतं.

आता दादाचा प्रश्न: हा प्रचार आहे की नाही? आहे. सोळा आणे आहे. पर्ल हार्बरवर हल्ला झाला ७ डिसेंबर १९४१ला, चित्रीकरण सुरू झालं दुसऱ्या दिवशी. सेटवर सगळ्यांनी रेडिओभोवती उभं राहून रूझवेल्टचं भाषण ऐकलं आणि मग कामाला लागले. २९ मे १९४२ला न्यू यॉर्कमध्ये पहिला खेळ झाला तो तिकिटावर नाही, युद्धरोख्यांवर: रोखे घ्या, खुर्ची मिळवा. एका गाण्यात तर रंगमंचावर इतके झेंडे येतात की माणसं दिसेनाशी होतात.

सांगलीकर म्हणून मला इथे हसू आलं, कारण हे आपण एकवीस वर्षं आधी करून बसलो होतो. ८ जुलै १९२१, मुंबई, बालीवाला थिएटर. टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान'. केशवराव भोसल्यांचा धैर्यधर आणि बालगंधर्वांची भामिनी. दोन कंपन्या, हाडाच्या प्रतिस्पर्धी, एका रात्रीपुरत्या एक झाल्या आणि तिकिटाचे पैसे देशकार्याला गेले. तीन महिन्यांत केशवराव वारले; लोक त्या रात्रीविषयी अजून बोलतात. त्याला कुणी प्रचार म्हणत नाही, म्हणू नये. पण एक फरक आहे आणि तो भाच्यासाठी आहे: न्यू यॉर्कचे पैसे सरकारच्या तिजोरीत गेले, मुंबईचे पैसे सरकारविरुद्ध वापरायला. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर बंदी घालणारं तेच ते सरकार. १९४३च्या 'किस्मत'मध्ये नायिका रंगमंचावरून परक्यांना देशाबाहेर व्हायला सांगते, आणि सेन्सॉरला चकवायला कवी प्रदीपांनी त्यात जर्मन आणि जपानी यांची नावं घातली. थिएटरातल्या माणसाला परके कोण ते बरोबर कळत होतं. आपल्या जुन्या देशभक्तीच्या कलेला ही चोरून बोलायची सवय होती आणि त्यातच तिचं निम्मं सौंदर्य होतं. कोहॅनला काही चोरायचं नव्हतं. तो आणि त्याचं सरकार एका बाजूला. आजचे आपले सिनेमे कोहॅनच्या जातीचे, पण आव मात्र प्रदीपांचा आणतात, जणू त्यांना कुणी गप्प बसवतंय. भाच्याला टोचतं ते बहुधा हेच. त्याला नीट मांडता येत नाही, म्हणून तो सरसकट 'प्रचार' म्हणतो.

पण मला सांगायचं आहे ते याच्या पुढचं.

सिनेमाच्या सुरुवातीच्या नामावलीत छायाचित्रणासमोर नाव येतं: जेम्स वाँग हाउ. मी तो सिनेमा तिसऱ्यांदा बघताना त्या नावाशी अडले आणि शोधत गेले. हा माणूस जन्मला चीनमध्ये, ग्वांगडोंगला, १८९९मध्ये. पाच वर्षांचा असताना अमेरिकेत आला, वॉशिंग्टन राज्यातल्या एका रेल्वेच्या गावात वाढला, हॉलिवूडमध्ये पडेल ते काम करत करत देशातल्या पहिल्या फळीतला छायाचित्रकार झाला. लाल-पांढऱ्या-निळ्याचा हा एवढा जल्लोष (कृष्णधवल आहे, रंग आपण मनानं भरायचे) ज्याच्या डोळ्यांनी टिपला, तो १९४२ साली अमेरिकेचा नागरिक नव्हता. व्हायची इच्छा नव्हती असं नाही. कायद्यानं होता येत नव्हतं. चिनी बहिष्कार कायदा रद्द झाला डिसेंबर १९४३मध्ये, तोही चीन युद्धात मित्रराष्ट्र म्हणून. त्याची बायको गोरी, लेखिका. लग्न पॅरिसला जाऊन केलेलं, आणि कॅलिफोर्नियात ते लग्न १९४८पर्यंत लग्न नव्हतं. पर्ल हार्बरनंतर रस्त्यानं जाताना लोकांनी जपानी समजू नये म्हणून तो 'मी चिनी आहे' असा बिल्ला लावून फिरे. त्याच्या सोबतीला म्हणून कॅग्नीनंही तसाच बिल्ला लावला होता म्हणतात. आयरिश बापाचा, लाल केसांचा कॅग्नी, छातीवर 'मी चिनी आहे'! सबंध सिनेमातल्या झेंड्यांपेक्षा मला तो बिल्ला जास्त आवडतो.

आणि ज्या आठवड्यांत हे चित्रीकरण हातावेगळं होत होतं, त्याच सुमारास, १९ फेब्रुवारी १९४२ला, त्याच रूझवेल्टनं तो हुकूम काढला ज्यानं सुमारे १,२०,००० जपानी वंशाची माणसं तारेच्या कुंपणाआड गेली. त्यातले दोन तृतीयांश जन्मानं अमेरिकी नागरिक.

मग एकेक नाव उलगडत गेलं. दिग्दर्शक कर्टिझ हंगेरीतला ज्यू, १९२६मध्ये आलेला, इंग्रजी मोडकंतोडकं बोलणारा. याच माणसानं त्याच वर्षी 'कासाब्लांका' केला. कॅग्नी न्यू यॉर्कच्या गरीब वस्तीतला. १९४० साली त्याच्यावर कम्युनिस्टांचा हितचिंतक असल्याचा आळ आला होता, संसदीय समितीपुढे जाऊन त्यानं तो धुऊन काढला. त्याच्या भावानं स्टुडिओत आग्रह धरला की याला आता खणखणीत देशभक्त माणसाची भूमिका हवी. ती ही. त्याबद्दल ऑस्करही मिळालं. आणि स्वतः कोहॅन आयरिश कॅथलिक. विसाव्या शतकाच्या तोंडाशी तेही इथे अर्धे परकेच होते.

म्हणजे हा सिनेमा कुणी काढला? ज्यांच्याकडे कागद मागितले जात होते त्यांनी. माझं म्हणणं एवढंच आहे. देशभक्तीचा सिनेमा बघताना मी आता त्यातली भक्ती खरी की खोटी हे शोधत नाही. ती बहुतेक वेळा खरीही असते आणि धंदाही असते. मी बघते, झेंडा कोणाला इतका उंच धरावा लागतोय, आणि कोणाला धरला नाही तरी चालतंय.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. मी आले २००३ साली. अकरा सप्टेंबरला दोन वर्षं होऊन गेली होती, तरी सरदारजींच्या पेट्रोल पंपांवर, गुजराती मोटेलांच्या काउंटरवर काचेला आतून चिकटवलेले झेंडे होतेच, उन्हानं फिकुटलेले. मी नवऱ्याला म्हटलं, किती प्रेम आहे बघ या लोकांना या देशाचं. तो काही बोलला नाही. नंतर कुणीतरी ॲरिझोनातल्या मेसाच्या बलबीरसिंग सोढींबद्दल सांगितलं: हल्ल्यानंतर चौथ्या दिवशी त्यांच्या स्वतःच्या पंपावर त्यांना पगडी बघून गोळी घातली. मग त्या काचेवरच्या झेंड्यांकडे बघायची माझी नजर बदलली. प्रेम असेलही. पण तो झेंडा बाहेरच्या बाजूला तोंड करून लावलेला होता.

आपल्या लोकांना हा देश आधी काय म्हणाला होता, तेही इथल्या मराठी मंडळात फार जणांना ठाऊक नसतं. १९२३मध्ये भगतसिंग थिंड खटल्यात सुप्रीम कोर्टानं ठरवलं की हिंदुस्थानी माणूस 'गोरा' नाही, सबब नागरिक होऊ शकत नाही. थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होता, त्याचाही उपयोग झाला नाही. त्याचे वकील होते सखाराम गणेश पंडित. नाव वाचून आपले कान टवकारतातच. थिंड हरल्यावर सरकारनं वकिलाचंच नागरिकत्व काढून घ्यायचा दावा लावला. ती लढाई मात्र पंडितांनी १९२६मध्ये अपिलात जिंकली. बाकीच्यांना थांबावं लागलं १९४६पर्यंत. म्हणजे 'यांकी डूडल डँडी' लागला तेव्हा माझ्यासारखीला त्याचं तिकीट काढता आलं असतं, मत देता आलं नसतं.

असो. सिनेमा काय गाळतो तेही सांगायला हवं, कारण चरित्रपटाचा वाद त्याशिवाय पुरा होत नाही. संहितेवर कोहॅनची स्वतःची मान्यता लागत होती. त्याची दोन लग्नं होती. सिनेमात एकच, तेही काल्पनिक मुलीशी. १९१९मध्ये नटांनी संप केला, थिएटरं बंद पडली, तेव्हा हा नट मालकांच्या बाजूनं उभा राहिला आणि संघटनेत शेवटपर्यंत गेला नाही. जुने मित्र दुरावले. सिनेमात यातलं अक्षर नाही. गंमत अशी, की भूमिका करणारा कॅग्नी त्याच वर्षी चित्रपटनटांच्या संघटनेचा अध्यक्ष झाला. शिवाय चेहरे काळे फासून नाचायचा एक तुकडा आहे, जो आज बघवत नाही. काही वाहिन्या तो कापून दाखवायच्या. आणि झेंड्याच्या त्या भव्य गाण्यात लिंकनच्या पुतळ्यापुढे काळे गायक गातात, तेव्हा बाहेर सैन्यात काळ्यांच्या पलटणी वेगळ्या होत्या.

आपल्याकडे 'महाराष्ट्र शाहीर' आला २०२३मध्ये, शाहीर साबळ्यांवर, त्यांच्या नातवानं काढलेला. त्याच वर्षी त्यांनी गायलेलं गीत राज्यगीत झालं. त्याआधी २०११चा 'बालगंधर्व'. दोन्ही मी इथे मंडळाच्या खेळाला बघितले आणि दोन्हीला रडले, लपवत नाही. पण घरच्या माणसानं सांगितलेली गोष्ट आणि नायकानं मंजूर केलेली गोष्ट ऐकताना एक कान उघडा ठेवावा लागतो. बालगंधर्वांच्या आयुष्यातल्या गोहरबाईंचा विषय निघाला की आमच्या सांगलीत अजून आवाज बदलतात. काय गाळलं यावर भाच्यानं लिहावं. ते प्रचार-प्रचार ओरडण्यापेक्षा जास्त कष्टाचं आहे.

भावना दुखावण्याचंही तेच. १९०६मध्ये कोहॅनला यादवी युद्धातला एक म्हातारा सैनिक भेटला, मांडीवर जुना फाटका झेंडा घडी करून बसलेला. तो झेंड्याला प्रेमानं चिंधी म्हणाला. कोहॅननं त्यावर गाणं केलं, 'चिंधी' शब्दासकट. पहिल्या खेळानंतर बोंब झाली, झेंड्याला चिंधी म्हणतो! त्यानं मुकाट शब्द बदलला. सैनिकानं म्हटलं तर प्रेम, नटानं म्हटलं तर अपमान. दादा, तुला हे ओळखीचं वाटतंय का बघ.

राहिली ती बसून राहिलेली दोन पोरं. १४ जून १९४३, युद्ध ऐन भरात, आणि अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की शाळेतल्या मुलांना झेंड्याला सलाम करायची सक्ती करता येणार नाही. मुलं 'जेहोवाज विटनेसेस' पंथाची होती. पुढे केरळातल्या त्याच पंथाच्या तीन भावंडांना शाळेनं काढलं होतं, कारण ती राष्ट्रगीताला उभी राहत पण गात नसत. त्र्येचाळीस वर्षांनी, १९८६मध्ये, आपल्या सुप्रीम कोर्टानं त्यांना परत शाळेत घ्यायला लावलं. दोन्ही निकाल मला दोन्ही देशांच्या अभिमानाच्या जागा वाटतात. मात्र केरळची मुलं उभी राहिली होती, हेही खरं. दादा तो मुद्दा सोडणार नाही, आणि सोडू नये.

मी स्वतः काय करते? शपथ घेतली तेव्हा उजवा हात वर करून जुन्या देशाची निष्ठा सोडल्याचं म्हणावं लागलं. बाहेर पडताना हातात कागदाचा छोटा झेंडा दिला. तो गाडीत पडून होता महिनाभर. भारताचा पासपोर्ट रद्द होऊन भोक पाडून परत आला, तो मात्र आईच्या फोटोमागे ठेवलाय. सामन्याला इथलं राष्ट्रगीत लागलं की मी सगळ्यांच्या आधी उभी राहते. शेजारचा जन्मानं अमेरिकी म्हातारा गुडघ्याला धरून सावकाश उठतो, कधी उठतही नाही. त्याच्याकडे कुणी वळून बघत नाही.

यातलं निम्मंशिम्मं मी दादाला फोनवर सांगितलं आणि सिनेमा बघायला सांगितला. तीन दिवसांनी ग्रुपवर त्याचा फोटो आला, टीव्ही थांबवून मोबाइलनं काढलेला, तिरका, पडद्यावर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब. नामावलीची पाटी होती. खाली लिहिलं होतं: "हाच का तो?"